पत्रं पोचली, उत्तरंही गेली : स्टॅफर्ड रुग्णालयाचं प्रकरण

रुग्णांच्या लेखी अभिप्रायांचा उपयोग कसा करावा, हे सांगताना बहुतेक जण यशस्वी झालेल्या रुग्णालयांची उदाहरणं देतात. मी मुद्दाम फसलेलं घेतलं आहे. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड शहरातलं सरकारी रुग्णालय आणि ते चालवणारी सरकारी संस्था, म्हणजे मिड स्टॅफर्डशायर ट्रस्ट, यांची इतकी कसून चौकशी झाली, की तक्रारीचा कागद कुणाच्या टेबलावर गेला, तिथून पुढे कुठे सरकला आणि कुठे जिरला, हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. यशस्वी रुग्णालयांची कपाटं अशी कुणी उपसत नाही. त्यामुळे तिथली व्यवस्था चांगली होती की नशीब, हे कळायला मार्ग नसतो.

आधी घटनाक्रम. चौकशीखाली आलेला काळ जानेवारी २००५ ते मार्च २००९ हा. २००६-०७ या वर्षात ट्रस्टने १ कोटी पौंडांच्या आसपास खर्च कमी करायचं ठरवलं. रुग्णालयाचा मोठा खर्च पगारांवर असतो, म्हणजे काटकसर करायची तर माणसं कमी करायची. नर्सेस तिथे आधीच पुरेशा नव्हत्या. त्याच सुमारास ट्रस्टला ‘फाउंडेशन ट्रस्ट’ हा जास्त स्वायत्ततेचा दर्जा मिळवायचा होता. १ फेब्रुवारी २००८ रोजी तो मिळालाही. शिवाय अपघात विभागात आलेल्या रुग्णाला ४ तासांच्या आत दाखल करा, दुसरीकडे पाठवा किंवा घरी सोडा, असं देशभर लागू असलेलं उद्दिष्ट होतं. ताळेबंद, फाउंडेशनचा दर्जा आणि ते ४ तास. संचालक मंडळाचं चित्त या तिन्हींत गुंतलेलं होतं.

वॉर्डांत काय चाललं होतं ते हेल्थकेअर कमिशन या तेव्हाच्या नियामक संस्थेच्या मार्च २००९ च्या अहवालात आहे. अपघात विभागात आलेल्या रुग्णाची पहिली तपासणी, म्हणजे कोण गंभीर आणि कोण थांबू शकतं हे ठरवण्याचं काम, वैद्यकीय प्रशिक्षण नसलेले स्वागतकक्षातले कर्मचारी करत होते. हृदयाचे ठोके दाखवणारे मॉनिटर कसे वापरायचे हे माहीत नसल्याने नर्सेसनी ते बंद करून ठेवल्याचं आढळलं. बेल वाजवून कुणी येत नव्हतं, घाण झालेल्या चादरी तशाच राहत होत्या, जेवण-पाणी रुग्णाचा हात पोहोचणार नाही असं ठेवलं जात होतं.

हे उजेडात कसं आलं, हा या प्रकरणातला सगळ्यात बोचरा भाग. कमिशनचं लक्ष वेधलं गेलं ते मृत्यूंच्या आकड्यांमुळे. अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू दिसत होते. ट्रस्टचं म्हणणं असं, की रोगनिदानाच्या नोंदी नीट होत नसल्याने आकडे फुगलेले दिसतात, म्हणजे दोष कारकुनी आहे. (वर्तमानपत्रांतून पुढे ४०० ते १,२०० ‘टाळता आले असते असे मृत्यू’ हा आकडा फिरला. चौकशीने तो ग्राह्य धरला नाही, म्हणून त्यावर मीही काही उभारत नाही.) दुसरीकडे जूली बेली या स्थानिक महिलेने, २००७ च्या नोव्हेंबरमध्ये आई याच रुग्णालयात वारल्यानंतर, ‘क्युअर द एनएचएस’ (एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा) नावाने नातेवाइकांचा गट उभा केला. गटाकडे आलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांनी रुग्णालयाला आधीच लिहिलेलं होतं. म्हणजे आकडेवारी जे आडून सुचवत होती, ते पत्रांत सरळ वाक्यांत लिहिलेलं होतं, आणि ती पत्रं रुग्णालयाच्याच फायलींत होती.

रॉबर्ट फ्रान्सिस या वकिलांनी पहिली चौकशी केली, तिचा अहवाल फेब्रुवारी २०१० मध्ये आला. मग त्यांच्याच अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आलेल्या तिच्या अहवालात २९० शिफारशी आहेत. पहिल्या चौकशीचा रोख रुग्णालयावर होता, दुसरीचा बाहेरच्या संस्थांवर, कारण प्रश्न असा उरला होता की एवढं सगळं चालू असताना देखरेख करणाऱ्यांना दिसलं कसं नाही.

कागद कुठे जिरला

स्टॅफर्डमध्ये तक्रारपेटी नव्हती, अर्ज नव्हते, उत्तर देत नसत, असं काहीही नाही. तक्रार विभाग होता. पोच जात होती, उत्तरं जात होती. कागदोपत्री सगळं जागच्या जागी. तरीही वॉर्डात फरक पडला नाही. याची कारणं मला तीन ठिकाणी दिसतात, आणि ती तिन्ही आजही कुठल्याही रुग्णालयात सापडतील अशी साधी आहेत.

पहिलं ठिकाण चौकशी करणाऱ्याचं. ज्या वॉर्डाविरुद्ध तक्रार, तिचा तपास साधारणपणे त्याच विभागातल्या लोकांकडे. एका अर्थी हे स्वाभाविक आहे, काय घडलं ते त्यांनाच ठाऊक असतं. पण ज्या सिस्टर इनचार्जकडे पाळी भरायला माणसं नाहीत, तिने शेवटी काय लिहायचं? ‘कर्मचाऱ्यांना समज देण्यात आली आहे. यापुढे काळजी घेतली जाईल.’ आणि कृती आराखडा जोडायचा. फ्रान्सिस यांच्या पहिल्या अहवालात हे पुन्हा पुन्हा दिसतं: सुधारणेचं आश्वासन दिलेलं, ते पाळलं गेलं का हे कुणी पाहिलेलं नाही, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या कुटुंबाच्या तशाच तक्रारीला तसंच आश्वासन.

दुसरं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं: संचालक मंडळासमोर येणारा तक्ता. मंडळाला तक्रारींची संख्या कळत होती, प्रकार कळत होते, किती उत्तरं मुदतीत गेली हे कळत होतं. पत्रात काय लिहिलं आहे ते कळत नव्हतं. एखाद्या तिमाहीत ‘शुश्रूषा’ या रकान्यात आकडा थोडा वाढला तर त्यावरून कुणाला काय समजणार? त्या एका रकान्यात चहा गार मिळाल्याची तक्रारही बसते आणि रात्रभर मलमूत्रात पडून राहिलेल्या माणसाचीही. बैठकीत मग चर्चा होते ती उत्तरांच्या मुदतीची, कारण तक्त्यातला तेवढाच आकडा सुधारता येण्यासारखा असतो. मला यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. वेळ कमी, विषय पन्नास, आणि सचिवाने नीटनेटका सारांश करून दिलेला. पण सारांश करणाऱ्याने नेमकं तेच गाळलं ज्यासाठी पत्र लिहिलं गेलं होतं.

तिसरं ठिकाण रुग्णालयाबाहेरचं. त्या वेळच्या नियमांप्रमाणे रुग्णालयाच्या उत्तराने समाधान झालं नाही तर माणूस हेल्थकेअर कमिशनकडे फेरविचार मागू शकत होता. म्हणजे रुग्णालयाची गुणवत्ता तपासणारी संस्था आणि तिथल्या न मिटलेल्या तक्रारी वाचणारी संस्था एकच. दोन्ही कागद एकाच छपराखाली येत होते, तरी ते शेजारी ठेवून वाचण्याची सवय लागलेली नव्हती. रुग्णांच्या वतीने बोलणाऱ्या स्थानिक मंडळांची तर दर काही वर्षांनी मोडतोड चालली होती. १९७४ पासूनच्या कम्युनिटी हेल्थ काउन्सिल २००३ मध्ये गेल्या, मग आले रुग्ण सहभाग मंच, ते २००८ मध्ये जाऊन ‘लिंक’, २०१३ मध्ये ‘हेल्थवॉच’. ज्या वर्षांत स्टॅफर्डच्या लोकांना खंबीर आधाराची गरज होती, त्याच वर्षांत हे मंच एक तर नवखे होते किंवा गाशा गुंडाळत होते.

याच्या जोडीला वेळेचा एक तिढा आहे, त्याकडे फारसं लक्ष जात नाही. खाटेवरचा माणूस सहसा लिहीत नाही. उद्या सकाळी याच सिस्टरकडून इंजेक्शन घ्यायचं असतं, मग वैर कशाला? लिहितात ते नातेवाईक, तेही डिस्चार्जनंतर किंवा अंत्यसंस्कारानंतर. पत्र पोचेपर्यंत त्या खाटेवर तिसरंच कुणी असतं, त्या रात्रीची नर्स दुसरीकडे गेलेली असते, आणि तपास म्हणजे ‘कुणाला आठवतं का’ एवढाच उरतो. उत्तर मग ‘नोंदीनुसार योग्य ती शुश्रूषा देण्यात आली होती’ असं येतं. नोंदीनुसार! तिथेच तर खरी मेख आहे.

एक पत्र, ओळीने वाचून

स्टॅफर्डमधलं कुणाचं खासगी पत्र इथे देणं बरं नव्हे. त्याऐवजी तशा तक्रारींच्या धाटणीचं एक मी रचलं आहे:

‘आईने रात्री दोनदा बेल वाजवली, कुणी आलं नाही. शेवटी ती स्वतःच संडासला जायला उठली आणि पडली. सकाळी तिच्यासमोर ट्रे ठेवला, पण टेबल पायाकडे होतं, तिचा हात पुरत नव्हता. दुपारी ट्रे तसाच उचलून नेला. विचारलं तर म्हणाल्या, “जेवल्या नाहीत त्या.” डॉक्टर कधी येणार ते कुणी सांगेना. रात्रपाळीची एक मुलगी मात्र चांगली होती, जाताना बेल आईच्या हातात देऊन जायची.’

जुन्या पद्धतीच्या तक्त्यात या पत्राचं काय होईल? ‘शुश्रूषा – १.’ फार तर ‘संवाद – १.’ आता तेच पत्र ओळीने घेऊ.

आई पडली. ही नुसती तक्रार नाही, हा अपघात आहे. त्याची अपघात-नोंद त्या रात्री झाली का, हे पत्र आलं त्याच दिवशी तपासलं पाहिजे. झालेली नसेल तर प्रश्न जेवढा आईच्या पडण्याचा आहे तेवढाच नोंदीचाही आहे, आणि तो कदाचित मोठा. तक्रारीत गंभीर घटना सांगितलेली असेल तर तक्रारीच्या उत्तरापुरतं न थांबता घटनेची चौकशी झाली पाहिजे, असं २०१३ च्या शिफारशींत आहे ते यासाठी.

दोनदा बेल. इथे वेळ विचारायची: किती वाजता, त्या पाळीला किती माणसं होती, त्यांतली किती बाहेरून बोलावलेली. एका पत्राने काही सिद्ध होत नाही. पण त्याच वॉर्डाची, त्याच पाळीची चार पत्रं शेजारी ठेवली तर ड्यूटीचा तक्ता उघडावाच लागतो.

ट्रेचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. रुग्णालयाच्या कागदांत या प्रसंगाची नोंद काय होणार? ‘जेवण दिले. रुग्णाने घेतले नाही.’ दोन्ही विधानं खरी, आणि दोन्ही मिळून धडधडीत खोटी. केलेल्या गोष्टीची नोंद होते. करायची राहून गेलेली गोष्ट कोण लिहिणार? पाणी तोंडाला लावलं नाही, कूस बदलली नाही, विचारलं नाही, हे फक्त शेजारी बसलेल्या माणसाने पाहिलेलं असतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अॅलेक्स गिलेस्पी आणि टॉम रीडर यांनी इंग्लंडमधल्या १,११० तक्रारी अशाच बारकाईने तपासून २०१८ मध्ये मांडणी केली. रुग्णालयाच्या स्वतःच्या देखरेखीला न दिसणाऱ्या जागा तक्रारींतून दिसतात, असं त्यांना आढळलं: दाखल होतानाचा आणि घरी जातानाचा टप्पा, आणि करायच्या राहून गेलेल्या गोष्टी. त्याआधी २०१६ मध्ये त्यांनी तक्रारी वाचण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली होती. पत्रातला प्रत्येक मुद्दा उपचार, व्यवस्थापन की माणसांशी वागणूक यांत कुठे बसतो ते पाहायचं, त्याची तीव्रता ठरवायची, तो उपचाराच्या कुठल्या टप्प्यावर घडला आणि इजा किती झाली हे वेगळं नोंदवायचं. मोजणीला विरोध नाही, फक्त मोजण्याआधी वाचायचं. आणि रागाची भाषा व गंभीर घटना यांची गल्लत करायची नाही. शिव्यांनी भरलेल्या पत्रात पार्किंगचा विषय असू शकतो, आणि ‘तसदीबद्दल क्षमस्व’ म्हणणाऱ्या पत्रात मृत्यूचा.

शेवटचं वाक्य, त्या चांगल्या मुलीचं. तक्रार विभाग हे वाक्य सोडून देतो, कारण त्यात तक्रार नाही. फार तर तिला प्रशस्तिपत्र. पण त्यात एक कृती लिहिलेली आहे: जाताना बेल रुग्णाच्या हातात देणं. याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, उद्याच्या पाळीपासून सगळ्या वॉर्डाला करता येतं. स्तुतीची पत्रं अशी वाचायला हवीत. ‘सगळे खूप प्रेमळ आहेत’ यातून काही हाती लागत नाही, ‘ऑपरेशनला नेताना त्यांनी माझा चष्मा स्वतःच्या खिशात सांभाळला’ यातून लागतं.

नंतर काय बदललं

२०१३ च्या शिफारशींतल्या दोन मला वारंवार आठवतात. एक अशी, की एखाद्याने औपचारिक तक्रार केली नसली तरी त्याच्या अभिप्रायात काळजीचं कारण असेल तर त्याचा तपास तक्रारीइतक्याच गांभीर्याने व्हावा. वरवर क्षुल्लक वाटणारा हा मुद्दा आहे, पण त्याने दोन वेगळी दप्तरं एकत्र येतात. एरवी माणसाने कुठला फॉर्म भरला यावर त्याच्या शब्दांचं वजन ठरत असतं. दुसरी अशी, की रुग्णसेवेबद्दलच्या मान्य झालेल्या तक्रारींचा सारांश, ओळख लपवून आणि तक्रारदाराच्या संमतीच्या शब्दांत, रुग्णालयाच्या उत्तरासह संकेतस्थळावर द्यावा. पुढच्या तक्रारदाराला मागचं आश्वासन वाचता येईल म्हटल्यावर तेच आश्वासन दुसऱ्यांदा लिहिताना हात अडखळतो.

त्याच वर्षी, एप्रिल २०१३ पासून, इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत ‘फ्रेंड्स अँड फॅमिली टेस्ट’ सुरू झाली: आमचा वॉर्ड तुम्ही नातलग-मित्रांना सुचवाल का? उत्तरासाठी चौकोन, आणि खाली मोकळी जागा. सगळ्यांच्या नजरा अर्थातच चौकोनांच्या टक्केवारीवर. पण ‘सुचवाल का’ या प्रश्नात एक गोची होती. जवळ दुसरं रुग्णालयच नसेल तर सुचवायचं काय आणि नाकारायचं काय? १ एप्रिल २०२० पासून प्रश्न बदलला: एकंदरीत तुमचा अनुभव कसा होता? त्यासोबत, काय चांगलं होतं आणि काय सुधारता आलं असतं, हे मोकळ्या शब्दांत. बदल योग्य दिशेचा आहे. मात्र मोकळ्या जागेतला मजकूर रोज वाचणारं कुणी नेमलेलं नसेल तर नव्या प्रश्नाचाही तक्ताच होतो. आता मजकुराचं वर्गीकरण संगणकाकडून करून घेता येतं, आणि हजारोंनी अभिप्राय येत असतील तर ते घ्यावंच. पण स्टॅफर्डमध्ये वर्गीकरणाची उणीव नव्हती, हे विसरून कसं चालेल? तिथे रकाने होतेच.

आणि वाचून झाल्यावर? उत्तर इंग्लंडमधल्या तीन ट्रस्टच्या १७ वॉर्डांत लॉरा शियर्ड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच पाहिलं. त्यांचा लेख २०१७ चा. बहुतेक कर्मचाऱ्यांना रुग्णांचं म्हणणं पटत होतं, काहीतरी करावं असंही वाटत होतं. पण बदल करायचा अधिकार, वेळ आणि साधनं हातात नव्हती, किंवा दुसऱ्या विभागाची मदत लागत होती आणि ती मिळत नव्हती. औषधं खाली यायला उशीर होतो म्हणून डिस्चार्ज रखडतो, शिव्या वॉर्ड खातो आणि चावी फार्मसीकडे. अशा सिस्टरपुढे अभिप्रायांचा गठ्ठा ठेवून ‘सुधारणा करा’ म्हणणं म्हणजे तिचा छळ आहे. काही महिन्यांनी ती गठ्ठा उघडेनाशी होते, आणि त्याला आपण निर्ढावलेपण म्हणतो.

म्हणून वाचतानाच प्रत्येक मुद्द्यापुढे एक गोष्ट लिहावी लागते: हे कोणाच्या हातात आहे? वरच्या पत्रातलं बेल हातात देणं आणि टेबल छातीपाशी ओढणं वॉर्डाच्या हातात आहे, ते आजच्या पाळी बदलताना सांगून टाकावं, कुठल्याही बैठकीची वाट न पाहता. डॉक्टरांच्या फेरीची वेळ फळ्यावर लिहिणं वॉर्ड आणि डॉक्टर मिळून ठरवतील. रात्रपाळीत किती माणसं हा प्रश्न वॉर्डाचा नाहीच, तो संचालक मंडळाचा. तिथे तो पोचवताना ‘शुश्रूषा – १’ असा न पोचवता पत्र आहे तसं, नाव झाकून, बैठकीत मोठ्याने वाचावं आणि शेजारी त्या रात्रीचा ड्यूटीचा तक्ता ठेवावा. काटकसरीचा ठराव ज्यांनी केला त्यांनीच ते ऐकायचं. दर बैठकीला एक पत्र पुरे. आणि तीन महिन्यांनी ते पत्र लिहिणाऱ्याला कळवायचं, काय बदललं आणि काय बदलता आलं नाही ते, कारणासकट.

मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टची रुग्णसेवा १ नोव्हेंबर २०१४ रोजी दुसऱ्यांकडे सोपवण्यात आली. रुग्णालय शेजारच्या स्टोक शहरातल्या मोठ्या ट्रस्टकडे गेलं आणि आता ‘काउंटी हॉस्पिटल’ या नावाने चालतं. त्याच महिन्याच्या अखेरीपासून इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांवर नवी कायदेशीर जबाबदारी आली: उपचारात अनपेक्षित काही घडून रुग्णाला मध्यम किंवा त्याहून गंभीर इजा झाली, तर त्याने विचारण्याची वाट न पाहता ते त्याला किंवा कुटुंबाला सांगायचं, माफी मागायची आणि तसं लेखी द्यायचं. पत्राचा प्रवास तिथे उलट दिशेने सुरू होतो.